इमारत कोणाची? : कोपरगाव तालुक्यातील दोन वास्तू आणि मावळातले एक देऊळ

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यापासून जवळच एक लहानशी दगडी मशीद आहे. तिला दमडी मशीद म्हणतात. ती १५६७ च्या सुमारास साहिरखान नावाच्या सरदाराने बांधली, असे इतिहास सांगतो. लोक मात्र वेगळेच सांगतात. हुसेन निजामशहाने किल्ल्याला दगडी तट घालावयास काढला, तेव्हा दगड वाहणाऱ्या आणि घडवणाऱ्या कामकऱ्यांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या दमड्यांतून ही मशीद उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. सरदाराचा पैसा खरा की कामकऱ्यांची दमडी खरी, हा वाद इतिहासकारांनी सोडवावा. मला एवढेच दिसते की, चारशे वर्षांहून अधिक काळ ह्या गावाने त्या इमारतीला सरदाराचे नाव चिकटू दिले नाही, दमडीचे नाव दिले. इमारत कोणाची, ह्या प्रश्नाचे उत्तर नगरकरांनी आपल्या परीने देऊन ठेवलेले आहे.

आजच्या विषयाला मी येथूनच सुरुवात करतो. ‘वास्तुकलेवर तुम्ही काय बोलणार?’ असे एका मित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. मी वास्तुविशारद नाही, कॉलेजाचे तोंड मी पाहिलेले नाही. परंतु गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले आणि वीटभट्टीवरची कुटुंबे ह्यांच्यात माझे आयुष्य गेले आहे. इमारतीचा नकाशा मला उशिरा वाचता येऊ लागला. पण ती कोणाच्या खांद्यावरून वर गेली, हे मला आधीपासून दिसत होते. तेव्हा जे सांगावयाचे, ते त्या खांद्याच्या उंचीवरून सांगेन.

मुंबईत समीप पडोरा नावाचे एक वास्तुविशारद आहेत. त्यांची संस्था ‘समीप पडोरा अँड असोसिएट्स’ ह्या नावाने काम करते. तिच्या ज्या कामांची देशात आणि परदेशांत चर्चा झाली, त्यांतली दोन आपल्याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यात आहेत : साकरवाडी येथील ‘जेतवन’ (२०१६) आणि कोपरगावच्या शारदा शाळेतील माया सोमय्या ग्रंथालय (२०१८). तिसरे काम पुणे जिल्ह्यातल्या मावळात, वडेश्वर येथे आहे. ते शिवमंदिर २०१० साली बांधले गेले. एक विद्येचे, एक बुद्धाचे, एक महादेवाचे. ह्या तिघांकडे एकत्र पाहिले म्हणजे सार्वजनिक इमारत हा नुसता दगडाविटांचा हिशेब नसून समाजाने स्वतःबद्दल केलेले विधान असते, हे ध्यानात येते.

प्रथम ग्रंथालय घेऊ, कारण त्याची रचना समजावून घेण्यात मौज आहे.

शाळेच्या जुन्या इमारती आणि कुंपण ह्यांच्यामधली एक चिंचोळी जागा, जेथून मुले रोज ये-जा करतात, ती ग्रंथालयासाठी निवडली. तेथे चार भिंती आणि वर स्लॅब अशी पेटी बांधता आली असती. त्याऐवजी जमिनीतूनच एखादी टेकडी फुगून वर यावी, तसे विटांचे लाटेसारखे छत बांधले आहे. ते जागोजाग जमिनीला टेकते आणि मधे उचलले जाते. मुले त्या छतावरून चालत पलीकडे जाऊ शकतात आणि खालून आत शिरून पुस्तक घेऊन बसू शकतात. दारे एका बाजूला नाहीत, अनेक बाजूंना आहेत. ग्रंथालयात ‘जावे’ लागत नाही. रस्त्यातच ते लागते.

आता हे छत पडत का नाही? त्यात स्लॅबसारखे लोखंडी गजांचे जाळे नाही. पातळ, सुमारे वीस मिलिमीटर जाडीच्या विटांचे एकावर एक तीन थर, एवढाच काय तो जिन्नस. सर्व मिळून जाडी वीतभरही भरत नाही. ऐकणाऱ्याला हे धाडस वाटते. पण ह्यामागचा नियम आपल्या घरात रोज दिसतो.

एक साखळी घ्या आणि तिची दोन टोके दोन हातांत धरून ती सैल सोडा. ती आपोआप एक वाकण घेते. त्या वाकणात प्रत्येक कडी फक्त ताणली जाते. ती दुमडत नाही, मोडत नाही. आता तेच वाकण गोठवून उलटे केले, तर जेथे ताण होता तेथे दाब येईल. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हे तत्त्व १६७५ साली सांगितले. वीट दाब सोसण्यात पटाईत आहे आणि ताण सोसण्यात अगदी दुबळी. विटेवर हत्ती उभा करा, ती कुरकुरणार नाही. पण तिला दोन्हीकडून ओढा, की ती चटकन तुटेल. म्हणून जेथे ताण येतो तेथे लोखंड घालावे लागते. पण छताचा आकारच असा काढला की त्यात कोठेही ताण उरू नये, सर्वत्र दाबच यावा, तर लोखंडाची गरज राहत नाही. साखळीऐवजी चौघांनी चार कोपरे धरलेली झोळी मनात आणा. ती झोळी उलटी केली की कोपरगावचे छत झाले.

साध्या कमानीचा आकार दोरीने काढता येतो. लाटेसारख्या, जागोजाग टेकणाऱ्या छताचा आकार दोरीने निघणे कठीण. तेथे झुरिच येथील विद्यापीठातल्या एका संशोधक गटाने तयार केलेली संगणकाची प्रणाली उपयोगी पडली. दाबाच्या रेषा कोठून जातील हे ती आधीच दाखवते. वीट लावण्याची रीत मात्र जुनी आहे. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात गवंडी पातळ विटा आडव्या, चपट्या लावून घुमट बांधत. पहिला थर लवकर घट्ट होणाऱ्या गिलाव्यात लावायचा. मग दुसरा थर असा लावायचा की खालच्या थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली कधी येऊ नये. थर एकमेकांना धरतात, जसे टोपलीचे विण एकमेकांना धरते. हे कसब घेऊन राफाएल गुस्ताविनो १८८१ साली अमेरिकेला गेला आणि बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातले घुमट त्याने बांधले. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात एलादियो दिएस्ते ह्या अभियंत्याने विटेच्याच भिंती आणि छते लाटांसारखी वळवली. आत्लांतिदा गावातले त्याचे चर्च १९६० साली पुरे झाले. उरुग्वे हा श्रीमंत देश नव्हे. लोखंड महाग, वीट स्वस्त, माणसे हाताशी : हाच त्याचा हिशेब होता, आणि तो आपल्यालाही नवा नाही.

आता कामगाराच्या बाजूने हाच हिशेब मांडून पाहू. स्लॅबच्या इमारतीत पैशाचा मोठा ओघ सिमेंटच्या आणि पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. पातळ विटेच्या घुमटात माल थोडा लागतो आणि हात पुष्कळ लागतात. तेही नुसते हात नव्हे, तर जाणते हात. बिगाऱ्याने घमेले उचलावे आणि मिक्सर फिरत राहावा, एवढ्याने ते काम होत नाही. प्रत्येक वीट थोडी वेगळ्या कोनात बसते. असे काम करता करता माणूस बिगाऱ्याचा गवंडी होतो आणि गवंड्याचा मिस्त्री होतो. ज्या बांधकामात शिकण्याजोगे काही नसते, त्यात माणूस तीस वर्षे राबूनही होता तेथेच राहतो. अशी माणसे मी शेकड्यांनी पाहिली आहेत.

पण येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हातकामाचे कौतुक करणे सोपे आहे. हाताला दाम देणे अवघड. बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली कायदे केले. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन तो त्यांच्या कल्याणासाठी वापरावा, अशी त्यांत योजना होती. त्यासाठी कामगाराची नोंदणी व्हावी लागते आणि मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला मिळवताना काय होते, ते मी पाहिले आहे. एका वयस्क गवंड्याला घेऊन मी एका ठेकेदाराकडे गेलो होतो. गवंड्याने त्याच्या तीन इमारती बांधल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, ‘हा माझ्याकडे होता ह्याला पुरावा काय?’ गवंड्याने खिडकीबाहेर बोट दाखवले. समोर ती इमारत उभी होती. ठेकेदार हसला आणि सही दिली नाही. तीन मजली पुरावा समोर उभा असताना माणसापाशी पुरावा नसावा, ही आपल्या बांधकामाची खरी तऱ्हा आहे. छताचा आकार कितीही सुंदर असो, ही तऱ्हा बदलली नाही तर ते सौंदर्य अर्धे राहील.

दुसरी वास्तू जेतवन. हे नाव कोठून आले ते आपणांस ठाऊक असेलच. श्रावस्तीच्या अनाथपिंडिक नावाच्या श्रेष्ठीला बुद्ध आणि भिक्षुसंघ ह्यांच्यासाठी जेत राजपुत्राची बाग हवी होती. राजपुत्र म्हणाला, जमीन झाकेल इतकी नाणी अंथर. श्रेष्ठीने गाड्या भरभरून नाणी आणली आणि अंथरली. त्या बागेत विहार झाला.

वारी गावाजवळच्या साकरवाडीचे जेतवनही एका श्रेष्ठीच्याच जमिनीवर आहे. नगर जिल्ह्यात जन्मलेल्या करमशी जेठाभाई सोमय्यांनी १९३९ साली गोदावरी शुगर मिल्सची स्थापना केली, आणि त्या उद्योगाभोवती साकरवाडीची वसाहत वाढली. आज तेथील कारखान्यात रसायने तयार होतात. कारखान्याच्या मालकीच्या एका दाट झाडीच्या जागेत, परिसरातल्या बौद्ध समाजासाठी ध्यानाचे, अभ्यासाचे आणि कौशल्यशिक्षणाचे केंद्र म्हणून सोमय्यांच्या न्यासाने जेतवन बांधून घेतले.

झाड एकही तोडावयाचे नाही, ही अट होती. म्हणून वास्तुविशारदांनी आधी झाडांची मोजणी केली; कोणत्या झाडाची सावली कोठवर पडते ते नकाशावर काढले आणि उरलेल्या मोकळ्या जागांत एकाऐवजी सहा लहान इमारती बसवल्या. झाडे आधीची रहिवासी आणि इमारती मागाहून आलेल्या पाहुण्या, असा तेथला मान आहे. छपरे पाहिली म्हणजे आपली म्हण आठवते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण म्हणतो. येथे ते जाते! नेहमीच्या घराला मधे उंच आढे असते आणि पाखी दोन्हीकडे खाली उतरतात. जेतवनात हे उलटे केले आहे : छप्पर कडांना उंच आणि मधे खोल. त्यामुळे आत बसलेल्याची नजर छपराखालून थेट झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाते आणि वरून उजेड-वारा आत येतो.

भिंतींचा कस आणखी विचार करण्याजोगा आहे. आपल्या काळ्या पाषाणाची खडी फोडताना जो भुगा खाली पडतो, त्याला कोणी विचारत नाही. तो भुगा आणि भट्ट्यांतून निघणारी बारीक राख एकत्र कालवून, साच्यात घालून, थरावर थर ठोकून त्या भिंती उभारल्या आहेत. आपल्या आयाबहिणी नवी जमीन धुमसाने चोपून घट्ट करीत, तीच ही क्रिया. फक्त ती आडवी न करता उभी केली. ह्या कामात भुजच्या ‘हुन्नरशाला’ संस्थेचे साहाय्य झाले. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर तेथल्या कारागिरांना हाताशी धरून घरे उभारण्याच्या कामातून ही संस्था पुढे आली. जेतवनातले लाकूड मोडीत काढलेल्या जहाजांचे, कौले जुन्या घरांवरून उतरवलेली, त्यांच्याखाली उष्णता अडवण्यासाठी मातीच्या वळकट्या, आणि पायाखाली शेणामातीची सारवलेली जमीन.

म्हणजे पाहा : भुगा, राख, मोडीचे लाकूड, उतरवलेली कौले. समाजाने टाकून दिलेल्या वस्तूंतून ही वास्तू झाली, आणि ती झाली कोणासाठी? ज्यांना ह्या समाजाने शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी. ह्या योगायोगाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. कोणी म्हणेल, ‘दलितांच्या वाट्याला पुन्हा टाकाऊच का? स्लॅबची पक्की इमारत का नाही?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याचे बालपण गळक्या छपराखाली गेले, त्याला शेणाच्या जमिनीचे काव्य सुचत नाही. त्याला फरशी हवी असते. आपल्या जिल्ह्यात पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोपीत महिनोन् महिने काढतात. त्यांच्यापुढे मातीच्या घराचा महिमा गाण्याची हिंमत मला होणार नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. कोपीत आणि जेतवनात फरक मालाचा नाही. विचाराचा, मापाचा आणि कसबाचा आहे. कोपी नाइलाजाने उभी राहते. जेतवनात ज्ञान, वेळ आणि काळजी खर्च झालेली आहे. भुगा तोच, पण त्याच्यावर कोणी मन लावून काम केले की त्याची भिंत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांना जी दीक्षा दिली, तिचाही गाभा हाच होता : माणूस टाकाऊ नसतो, त्याला टाकाऊ ठरवणारी व्यवस्था टाकाऊ असते.

तरी एक प्रश्न उरतो, आणि कामगार चळवळीतल्या माणसाने तो न विचारणे म्हणजे मीठ खाल्ल्यासारखे होईल. ही दोन्ही कामे एका उद्योगाच्या न्यासाने केली. खासगी साखर कारखान्यांकडच्या शेतजमिनींचा इतिहास ह्या जिल्ह्याला चांगला आठवतो. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या जमिनी काढून घेतल्या, १९६३ साली शेती महामंडळ निघाले, आणि खंडकरी शेतकऱ्यांनी आपली जमीन परत मिळावी म्हणून पुढे कित्येक वर्षे लढा दिला. ज्या जिल्ह्याने हे सर्व पाहिले, तेथे मालकाच्या देणगीकडे माणूस सहजी हात जोडून पाहत नाही. मग देणगी नाकारावी काय? मी तसे म्हणत नाही. अनाथपिंडिकही शेठच होता. पण त्याने बाग दिली ती संघाला दिली. चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूला तेथे उतरण्याचा हक्क होता, मेहेरबानी नव्हे. इमारत सार्वजनिक की खासगी हे तिच्या सातबाऱ्यावरून ठरते, त्याहून अधिक तिची किल्ली कोणाच्या कमरेला आहे ह्यावरून ठरते. कोपरगावचे ग्रंथालय एका शाळेचे आहे. वाटेतल्या मुलाला सहज आत ओढून घेणारे ते छत ज्या दिवशी त्या शाळेत नाव नसलेल्या, वीटभट्टीवरच्या मुलालाही आत घेईल, त्या दिवशी त्याच्या आकाराचा अर्थ पुरा होईल. आपल्या शहरात १८३८ पासून जिल्हा वाचनालयाची परंपरा आहे. वाचनाचे दार गावाला उघडे असावे ही कल्पना आपल्याला कोणी मुंबईहून शिकवावयास नको.

आता मावळातले देऊळ. वडेश्वरचे शिवमंदिर पुजारी आणि आसपासचे गावकरी ह्यांच्याशी बोलून आखले आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून बांधले. दगड दोनशे मीटरच्या आतल्या खाणीतला. पैसा थोडा होता. म्हणून मंडप बांधलाच नाही. झाडांच्या रांगा लावून मोकळे अंगण राखले, तोच मंडप. बांधले ते फक्त गर्भगृह आणि त्यावर आपल्या ओळखीचे शिखर. तेही नक्षी वगळून, नुसती रेषा राखून. दुरून पाहणारा शेतकरी ‘हे देऊळ’ असे लगेच म्हणतो. जवळ आल्यावर त्याला दिसते की, येथे बहुतेक सारे काळ्या दगडाचेच आहे.

‘श्रमदान’ ह्या शब्दाचे मला नेहमी भय वाटत आले आहे. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याच्याकडून श्रम दानात मागणे म्हणजे वेठबिगारीला गंध लावणे होय. रस्ते, शाळा, तलाव ह्यांच्या नावाने गरिबाचे श्रम फुकट नेलेले मी पाहिले आहेत. पण वडेश्वरची गोष्ट निराळी वाटते. तेथे राबणारे हात आणि संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसणारे लोक एकच आहेत. दमडी मशिदीच्या आख्यायिकेतल्या कामकऱ्यांनी तटाची मजुरी घेतली आणि मशिदीसाठी दमडी दिली. तट राजाचा होता, तेथे मजुरी हक्काची. मशीद त्यांची स्वतःची होती, तेथे दमडी खुशीची. श्रमाचे दान आणि श्रमाची लूट ह्यांतली सीमारेषा ह्याहून स्पष्ट मला कोठे सापडली नाही.

ह्याच वास्तुविशारदांनी मुंबईतल्या सामान्य माणसाच्या घरांचा, चाळींचाही, बारकाईने अभ्यास करून तो पुस्तकरूपाने मांडला आहे. चाळीच्या सामाईक गॅलरीत किती भांडणे झाली हे आपण विनोदाने सांगतो. किती संपांच्या सभा त्याच गॅलऱ्यांत ठरल्या, तेही सांगितले पाहिजे. वास्तू माणसांना एकत्र बसवते किंवा वेगळे करते. ती मुकी असते असे म्हणतात, परंतु ती रोज हुकूम देत असते : येथे थांब, येथून आत ये, येथे वाकून जा.

आपला जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर ह्या नावाने ओळखला जातो. चौंडीस १७२५ साली जन्मलेल्या त्या बाईने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा आणि देवळे बांधविली. पाणी पिणाऱ्याला तिने जात विचारण्यासाठी घाट बांधले नाहीत. अशा बांधविणारीचे नाव ज्या जिल्ह्याने घेतले, त्या जिल्ह्यात नव्या इमारती कशा होत आहेत? बसस्थानक असो, तहसील असो, समाजमंदिर असो, एकच साचा : चौकोनी पेटी, चकचकीत फरशी, दर्शनी भागावर काच, आणि उन्हाळ्यात आत भट्टी. दर्शनी पाटीवर उद्‌घाटन करणाऱ्याचे नाव, अध्यक्षांचे नाव, उपस्थितांची नावे. ज्यांनी ती बांधली त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही.

माझी सूचना लहान आहे. आपल्या महानगरपालिकेने, जिल्हा परिषदेने किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेने पुढची जी इमारत बांधावी, तिच्या कामावर आलेल्या प्रत्येक माणसाची हजेरी पहिल्या दिवसापासून नीट लिहावी. नव्वद दिवस भरताच दाखला त्याच्या हातात ठेवावा. आणि इमारत पुरी झाली की त्याच हजेरीबुकातून नावे काढून पाटीवर घालावी. त्याला पैसा लागत नाही. एक वही लागते आणि ती रोज लिहिणारा एक प्रामाणिक मुकादम लागतो.

आणि आपणांस विनंती एवढीच की, कोपरगावच्या बाजूला गेलात, तर रीतसर परवानगी घेऊन ते विटांचे छत अवश्य पाहा. खाली उभे राहून वर बघा आणि एकेक वीट मोजावयास लागा. थोड्याच वेळात मोजणी चुकेल. जेथे ती चुकेल, तेथेही कोणीतरी ओणवे होऊन ती वीट हाताने बसवली आहे.